झाडीपट्टीत नाचणारे कलावंत कसे घडतात

भाऊबीज झाली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. धान कापणीला आलेले असते, हाती चार पैसे येण्याचे दिवस असतात, लेकी-जावई आणि पाहुणे गावात उतरलेले असतात. दिवसा मंडईचा बाजार आणि दंडार, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. जेवणे आटोपल्यावर सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. थंडीत चादरी-शाली पांघरून बसलेल्या या गर्दीला नाटकात नाच हवाच असतो. एखादी लावणी, एखादे समूहगीत, नायक-नायिकेचे गाणे यांशिवाय नाटक पुरे झाल्यासारखे वाटत नाही. हा हंगाम होळीच्या पुढेमागे ओसरतो. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने या जंगलपट्टीत नाचणाऱ्याला पैसे देणारा रंगमंच रोज रात्री कुठे ना कुठे उभा असतो.

ही साधी गोष्ट नाही. पुण्या-मुंबईत सात-आठ वर्षे कथक किंवा भरतनाट्यम शिकलेल्या मुलीलाही तिकीट काढून आलेला प्रेक्षक सहज मिळत नाही. तिची कमाई बहुतेक वेळा शिकवणीतून होते. झाडीपट्टीत नेमके उलटे आहे. इथे रंगमंच आहे, प्रेक्षक आहे, नाइटचा मोबदला ठरलेला आहे. नाही ती तालमीची व्यवस्था. लहानपणी अंगात मुरलेला नाच आणि विशीत पोट भरणारा नाच यांच्यामध्ये जी सहा-सात वर्षे असतात, ती इथे कुणाच्याच ताब्यात नाहीत. शाळा सुटलेली असते, कंपनीत शिरायचे वय झालेले नसते, आणि शिकवणारे कुणी नसते. नर्तकाचे शरीर खरे घडते ते याच वर्षांत.

पण त्याआधीचे बालपण आधी पाहायला हवे, कारण ते फार श्रीमंत आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या दोन तृतीयांशाहून अधिक भागावर आजही जंगल आहे. दक्षिणेला भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया गोंड गावांत लग्नाला आणि सणाला रेला नाचला जातो. मुली एकमेकींच्या कमरेत किंवा हातात हात गुंफून रांग धरतात, गाण्याची एक ओळ एका बाजूने येते, दुसरी बाजू ती उचलते, आणि ढोलाच्या ठेक्यावर रांग वळत राहते. लहान मुले रांगेच्या टोकाला येऊन जोडली जातात. त्यांना कुणी पाऊल मोजून दाखवत नाही. शेजारच्या खांद्याची हालचाल आपल्या खांद्यात उतरते आणि पाऊल आपोआप जुळते. पाहणाऱ्याला वाटते की यात काय अवघड आहे, तीनचार पावले तर आहेत. पण नाचता नाचता गायचे, श्वास न तुटता तासन् तास गायचे, आणि पूर्ण रांगेचा वेग एकच ठेवायचा, ही तीन कामे एकदम करायला शहरातल्या क्लासात फारच थोडी मुले शिकतात. पुढे झाडीपट्टीच्या रंगमंचावर नाचता नाचता स्वतःच्या आवाजात गावे लागते, तेव्हा ही सवय सोन्याच्या मोलाची ठरते.

चंद्रपूरच्या दुसऱ्या टोकाला, जिवती-राजुऱ्याच्या डोंगराळ भागात, राजगोंड आणि कोलाम गावांमध्ये दिवाळीच्या दिवसांत दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांचा जथा, निघते. सीमेपलीकडच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात याच दंडारीतला गुसाडी नाच प्रसिद्ध आहे. मोरपिसांचा भला मोठा मुकुट घालून नाचणारा गुसाडी हा त्या दिवसांपुरता देवाचा माणूस असतो. या नाचाचे ज्येष्ठ जाणकार कनक राजू मारलवाईचे. मानवशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ १९४०च्या दशकात जिथे राहून गोंड समाजाचा अभ्यास करत होते, तेच हे गाव. कनक राजूंना २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये ते गेले. आयुष्यभर त्यांनी मुलांना हा नाच शिकवला. पण गुसाडीचा पेशा होत नाही, होऊही नये. तो दिवाळीचा आहे, गावाचा आहे, त्याला तिकीट लावणे म्हणजे त्याचा अर्थच काढून घेणे. नाच शिकणे आणि नाचावर जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या जिल्ह्यांतल्या माणसाला पहिल्यापासून ठाऊक असते. गाई राखणारे गोवारी दिवाळीत ढाल घेऊन नाचतात, तेव्हा त्यांनाही नर्तक म्हणून नाव काढायचे नसते.

पेशाकडे जाणारी वाट फुटते ती गोंडांच्या या दंडारीतून नव्हे, तर दंडार आणि खडी गंमत यांतून पुढे निघालेल्या नाटकातून. मध्य आणि उत्तर भागातली ही दंडार म्हणजे गावातल्या पुरुषांचा संच. त्यात गाणे, संवाद, सोंगे आणि स्त्रीवेष घेऊन नाचणारा नाच्या. खडी गमतीत ढोलकीच्या साथीला शाहीर उभा राहतो आणि नाच्याची त्याच्याशी जुगलबंदी रंगते. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या सगळ्या प्रकारांची नोंद करून ठेवली नसती, तर आज त्यांच्याविषयी नीट बोलणेही अवघड झाले असते. नाच्याची भूमिका करणारा मुलगा म्हणजे या प्रदेशातला पहिला खऱ्या अर्थाने तालीम घेतलेला नर्तक. पदर कसा सावरायचा, कमरेचा झोक कुठवर न्यायचा, समोरच्या गड्याच्या नजरेला नजर कधी द्यायची आणि कधी चुकवायची, हे त्याला जुना नाच्या शिकवायचा. नाच्याला लोकांनी टाळ्याही दिल्या आणि चिडवलेही. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ २०१० साली आला, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या नाच्याचे दुःख सगळ्यांना दिसले. झाडीतल्या नाच्याचे दुःख त्याहून वेगळे नव्हते.

झाडीपट्टीचे नाटक शंभराहून अधिक वर्षांचे आहे. सुरुवातीला त्यातही बायकांची कामे पुरुष करत. पुढे बाहेरून अभिनेत्री येऊ लागल्या, मग इथल्याच मुली उभ्या राहिल्या. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे आज या नाटकांचे मोठे केंद्र आहे. वैनगंगेच्या एका काठाला वडसा, पलीकडे ब्रह्मपुरी. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आगगाडी येणारे जुने ठिकाण, त्यामुळे बाहेरचे कलावंत इथेच उतरत आणि कंपन्यांची कार्यालयेही इथेच थाटली गेली. गावोगावची मंडळे दिवाळीच्या आधी येतात, नाटक बघून तारीख ठरवतात, पैसे बोलले जातात. त्या तारखेला दुपारी कलावंत गाडीत बसतात, रात्रभर प्रयोग करतात, सकाळी परततात, दिवसा झोपतात आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा गाडीत. हंगाम तापला की मध्ये सुटीचा दिवस मिळणे कठीण.

या कामात कलावंत किती दूर जाऊ शकतो, याचे सगळ्यांत ठळक उदाहरण परशुराम खुणे यांचे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे हे विनोदी नट. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा नोंदल्या गेलेल्या आकड्यांनुसार त्यांनी ५,००० हून अधिक प्रयोगांत ८०० निरनिराळ्या भूमिका केल्या. या पट्ट्यात लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. खुणे नर्तक नव्हेत, पण त्यांच्या वाटचालीत नर्तकाला शिकण्यासारखे बरेच आहे. एकाच साच्याच्या कामावर माणूस झाडीपट्टीत फार काळ टिकत नाही. जी मुलगी फक्त लावणी करते, तिला त्या गाण्यापुरते बोलावणे येते. जी लावणी करते, गाते, आणि अंकभर संवाद पेलते, तिच्याशिवाय नाटक उभे राहत नाही. तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ या २०२२च्या चित्रपटाने या दुनियेची आतली बाजू उरलेल्या महाराष्ट्राला दाखवली. तो पाहिल्यावर शहरातल्या अनेकांना पहिल्यांदा कळले की या जंगलात एवढी मोठी नाट्यसृष्टी स्वतःच्या पायावर उभी आहे, आणि तिला सरकारी अनुदानाची वाट पाहावी लागलेली नाही.

मग मुलगी या रंगमंचावर पोहोचते कशी? वाट साधारण सारखीच दिसते. पहिला नाच गावातल्या लग्नात किंवा मंडईत. दुसरा शाळेच्या किंवा आश्रमशाळेच्या गॅदरिंगमध्ये. तिसरा गणपती आणि नवरात्रातल्या स्पर्धेत, जिथे पहिल्यांदा रोख बक्षीस हातात पडते आणि घरच्यांचा विरोध थोडा मवाळ होतो. त्यानंतर कुणी ओळखीचा वाद्यवाला किंवा नट कंपनीत शब्द टाकतो. मोबाइल आल्यापासून गाण्यावरचा नाच पाहून बसवणे सोपे झाले आहे. पण पडद्यावर दिसते ती मुद्रा आणि पाऊल. वजन कोणत्या पायावर आहे, उडी मारून उतरताना गुडघा किती वाकला, श्वास कुठे घेतला, हे पडदा सांगत नाही. ते सांगायला समोर माणूस लागतो.

शास्त्रीय नृत्यात हा माणूस आणि त्याची पायरीबद्ध रचना दोन्ही असतात. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हा मध्यमवर्गीय मराठी घरातल्या मुलीने कथक शिकणेही लोकांना रुचत नव्हते. आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, प्रवेशिका आणि मध्यमा यांतून विशारदपर्यंत जायला साधारण सात वर्षे लागतात, आणि त्यापुढे अलंकार. चंद्रपूर शहरातल्या पालकांना ही शिडी माहीत आहे. सिरोंच्याच्या किंवा धानोऱ्याच्या पालकांना तिचे नावही ऐकू येण्याचे कारण नाही. त्याबद्दल मला शहराला दोष द्यायचा नाही. पण या शिडीत एक शहाणपण आहे, ते झाडीपट्टीने उचलावे असे मला मनापासून वाटते. शरीराला वेळ लागतो, हे ते शहाणपण.

मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो. हाड वाढते ते तिथून. मुलींमध्ये हा थर साधारण चौदा ते सोळाच्या दरम्यान हाडात रूपांतरित होतो, मुलांमध्ये दोन वर्षे उशिरा. तोवर तो हाडापेक्षा नाजूक असतो आणि स्नायूंची ओढ त्याच्यावरच येते. दहा ते चौदा वयातली पोरे सिमेंटच्या ओट्यावर रोज उड्या मारत असतील, तर टाचेत दुखू लागते, गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येते. घरात म्हणतात, वाढीचे दुखणे आहे, जाईल. बहुतेकदा जातेही, पण विश्रांती दिली तर. स्पर्धेच्या तयारीत ती विश्रांती कुणी देत नाही. जमीन शेणाने सारवलेली असेल तर ती बऱ्यापैकी धक्का झेलते. रेला त्याच मातीवर जन्मलेला आहे. सिमेंट आणि फरशी काहीच झेलत नाहीत. नाटकाच्या फळ्यांचा मंच चांगला, पण फळी सैल असेल तर घोटा मुरगळतो, आणि मंडईत एका दिवसात उभारलेल्या मंचाची प्रत्येक फळी ठोकून पाहायला कुणाला सवड नसते. ज्याला नाचायचे आहे त्याने प्रयोगाआधी स्वतः मंचावर चालून घ्यावे, हे कंपनीतले जाणते कलावंत नव्यांना सांगतातच.

रात्रीची थंडी हा वेगळा विषय. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री चांगलाच गारठा असतो. दोन अंकांच्या मध्ये तासभर थंड स्नायूंनी बसून एकदम लावणीला उभे राहिले, तर मांडीचा मागचा स्नायू ओढला जाणे ठरलेले. पाठीमागच्या जागेत दहा मिनिटे अंग गरम करून घेणे, आणि घाम आल्यावर अंगावर काहीतरी घेणे, एवढ्याने हंगाम वाचतो.

पण या जिल्ह्यांतल्या नर्तकाने सगळ्यांत आधी जी गोष्ट करायला हवी, तिचा नाचाशी संबंध असेल असे पटकन कुणाला वाटत नाही. ती म्हणजे सिकलसेलची तपासणी. पूर्व विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि अनेक बहुजन समाजांत, हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. आई-वडील दोघांकडूनही दोषयुक्त जनुक आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस वाहक असतो आणि सहसा त्याला काही त्रास नसतो. आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. ही अवस्था ओढवून घेणाऱ्या गोष्टी कोणत्या, तर अंगातले पाणी कमी होणे, थंडी, अतिश्रम, ताप. झाडीपट्टीच्या कलावंताची हंगामातली रात्र या यादीतल्या बहुतेक गोष्टींनी भरलेली असते. शिवाय सिकलसेलच्या रुग्णात मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते झिजू शकते, आणि खुब्याचा सांधा गेला की नाच गेला. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आधी विद्राव्यता चाचणी, ती होकारार्थी आली तर पुढची निश्चित करणारी चाचणी. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून आदिवासी भागांत या तपासण्या वाढल्या आहेत. वाहक मुलीने नाच सोडायचे काही कारण नाही. पाणी पीत राहायचे, अंग झाकायचे, दम लागला की थांबायचे. आजार असलेल्या मुलाने मात्र डॉक्टरांशी बोलून नाचाचा प्रकार आणि वेळ ठरवायला हवी. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने आज असे अनेक रुग्ण बरेच सुसह्य आयुष्य जगतात. कंपनीने कलावंत घेताना आवाज पाहावा, चेहरा पाहावा, आणि त्याने तपासणी करून घेतली आहे का, हेही काळजीने विचारावे. त्यावरून काम नाकारू नये. पण माहीत असावे.

आता लहान मुलांचे. झाडीपट्टीच्या नाटकात बालकलाकार असतात, आणि त्यांच्या कामाने रडवलेले प्रेक्षक मीही पाहिले आहेत. कायद्यात यासाठी जागा आहे आणि मर्यादाही. १९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायला बंदी आली, पण करमणुकीच्या क्षेत्रातल्या बालकलाकाराला अटींसह सूट मिळाली. त्या अटी नियमांत स्पष्ट आहेत. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, शाळा बुडता कामा नये, आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. पहाटेपर्यंत चालणारे नाटक आणि पाठोपाठच्या तारखा या मापात बसवायच्या, तर मुलाचे काम पहिल्या अंकातच संपवायला हवे आणि त्याला झोपायला जागा द्यायला हवी. हे अवघड नाही. नाटक लिहितानाच लेखकाने ते लक्षात घेतले की झाले.

चौदा ते वीस या वयाकडे पुन्हा येतो. या वयात अंगात ताकद येते, लवचीकता टिकवता येते, तालाचे गणित डोक्यात पक्के बसते. जगभरातली नृत्यशाळा याच वयाभोवती उभी आहे. सेंट पीटर्सबर्गची १७३८ पासून चालत आलेली आणि आज वागानोव्हाच्या नावाने ओळखली जाणारी अकादमी साधारण दहाव्या वर्षी मूल घेते आणि पुढची आठ वर्षे सोडत नाही. पण झाडीपट्टीने पाहायचे तर रशियाकडे नव्हे, केरळकडे. कथकलीचेही प्रयोग रात्रभर चालत, तेही मंदिरांच्या उत्सवांच्या हंगामात. पावसाळ्यात प्रयोग बंद. त्या बंद महिन्यांत कलावंत पहाटे उठून सराव करत, अंगाला तेल लावून घेत, पायांनी मालीश करवून घेत, आणि शरीर पुन्हा घडवत. कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० साली केरळ कलामंडलम स्थापन केले तेव्हा हीच रिकाम्या महिन्यांची शिस्त त्यांनी निवासी शाळेत आणली. मुले तिथे राहतात, शालेय विषयही शिकतात, आणि बाकीचा दिवस कलेचा. खेड्यातल्या एका कलेला खेड्याजवळच शाळा मिळाली आणि ती टिकली.

झाडीपट्टीत पावसाळा मात्र मोकळा नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मग मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी. डिसेंबरात मंचावर उभी राहणारी मुलगी जुलैत दिवसभर चिखलात वाकून रोवणी करत असते, आणि तिची मजुरी घराला हवी असते. तिला ‘सहा महिने सराव कर’ सांगणे निर्दयपणाचे होईल. पण रोवणी आटोपल्यापासून, पोळ्याच्या आसपासपासून, दिवाळीपर्यंत दीड-दोन महिने मिळतात. नव्या नाटकांच्या तालमीही याच काळात होतात. वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, कुरखेडा अशा ठिकाणी या दोन महिन्यांत रोज संध्याकाळचा तालीमवर्ग चालला, त्यात जुन्या नाच्याकडून दंडारीचे पाऊल, भामरागडच्या मुलींकडून रेला, आणि चंद्रपूरच्या एखाद्या कथक शिक्षकाकडून पायांचा तत्कार आणि शरीराची शिस्त शिकायला मिळाली, तर पाच वर्षांत झाडीपट्टीच्या मंचावरचा नाच ओळखू येणार नाही इतका बदलेल. हे कंपन्यांनीच करायला हवे. नाच चांगला झाला की तारखा त्यांच्याच वाढतात.

तोवर जी दारे उघडी आहेत, ती तरी मुलांना माहीत असावीत. दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र दहा ते चौदा वयातल्या मुलांना कलाशिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. परंपरागत कलावंतांच्या घरातल्या आणि आदिवासी मुलांसाठी तीत वेगळा वाटा असतो, आणि एकदा निवड झाली की वीस वर्षांपर्यंत किंवा पहिली पदवी मिळेपर्यंत ती चालू राहू शकते. म्हणजे ज्या रिकाम्या वर्षांबद्दल मी बोलतो आहे, ती नेमकी हिने भरता येतात. अट एवढीच की मूल चौदा वर्षांचे होण्याआधीच अर्ज भरायला हवा, आणि हे शाळेतल्या शिक्षकानेच मनावर घेतले तर घडते. अठरा ते पंचवीस वयासाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती आहे, तीत लोककला आणि आदिवासी कलांचाही समावेश होतो. नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र लोकनृत्यांचे संच देशभर नेते.

पदवी घ्यायची असेल तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहेच, पण वडशाच्या मुलीला त्याहून जवळ पडते ते छत्तीसगडमधले खैरागड. तिथल्या राजघराण्याने आपल्या लेकीच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. संगीत, नृत्य आणि इतर कलांना वाहिलेले हे संपूर्ण विद्यापीठ आहे. वडशाहून आगगाडीने गोंदिया, तिथून हावड्याच्या मार्गाने डोंगरगड किंवा राजनांदगाव, आणि पुढे रस्त्याने खैरागड. तिथे कथक, भरतनाट्यम, ओडिसी शिकता येते आणि लोकसंगीताचाही स्वतंत्र विभाग आहे. गडचिरोलीच्या कितीतरी बारावी झालेल्या मुलांना पुणे-मुंबईची नावे तोंडपाठ असतात, पण हे शेजारचे विद्यापीठ माहीत नसते.

रंगमंचावर उभी राहिलेल्या मुलीचे पुढचे प्रश्न नाचाचे नसतात. गेल्या काही वर्षांत मंडईत नाटकाऐवजी ‘डान्स हंगामा’ बोलावण्याची टूम वाढली आहे. त्यात कथा नाही, अंक नाही, एकामागून एक गाणी आणि समोर शिट्ट्या. पैसे पटकन मिळतात, पण मुलीची सुरक्षितता आणि तिच्या नावाची किंमत दोन्ही कमी होतात. नाटकात तिला भूमिका असते, सोबत संच असतो, वडीलधारे कलावंत असतात, आणि नाव जाहिरातीत छापून येते. शक्य असेल तिने नाटकच धरावे. कुठेही काम केले तरी नाइटचा आकडा, जेवण, गाडी, आणि प्रयोग रद्द झाला तर काय, हे कागदावर घ्यावे. कुणी त्रास दिला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथली तक्रार ही समिती घेते. मुदत सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची, म्हणून हंगाम संपेपर्यंत गप्प बसू नये.

तमाशा-लावणीतल्या विठाबाई नारायणगावकर आणि यमुनाबाई वाईकर, दोघींनी पोरवयात पायात चाळ बांधले आणि म्हातारपणापर्यंत महाराष्ट्राला नाचाने बांधून ठेवले. यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. एवढे आयुष्य आणि एवढी ओळख फार थोड्यांना लाभते. झाडीपट्टीत नाचाची मुख्य वर्षे पस्तिशीच्या आसपास सरतात. त्यानंतर काही जणी चरित्रभूमिकांकडे वळतात, काही नाच बसवून देतात, काही वेशभूषा-रंगभूषा सांभाळतात, काही स्वतःचा संच काढतात. जी आधीपासून गात आणि संवाद म्हणत आली, तिला हे वळण सोपे जाते. २०२०च्या टाळेबंदीने एक अख्खा हंगाम हिरावला, तेव्हा या सगळ्यांच्या हातात काहीच शिल्लक नव्हते. ज्यांनी गावात शेती राखली होती, त्यांचे घर चालले.

पन्नाशीनंतर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना आहे. २०२४ पासून तीत दरमहा ५,००० रुपये मिळतात. अर्जासोबत दीर्घकाळ कलेची सेवा केल्याचा पुरावा मागितला जातो, आणि अनेक जुने कलावंत नेमके तिथेच अडतात. नाटकाची रंगीत पत्रके भिंतीवर चिकटून पावसात वाहून गेलेली असतात, कंपनी बंद पडलेली असते, मालक हयात नसतो. म्हणून पहिल्या हंगामापासून प्रत्येक नाटकाचे एक पत्रक, मंडळाने दिलेले प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातले कात्रण आणि तारीख दिसेल असे छायाचित्र एका पत्र्याच्या पेटीत ठेवावे, आणि ती पेटी वाळवीपासून जमिनीच्या वर ठेवावी.